री-साइन लिहायचं होतं, लोकांनी रिझाइन वाचलं: इंग्रजीतला गळालेला हायफन कसा शोधायचा

दुसऱ्यांचा इंग्रजी मजकूर पाठवण्याआधी नजरेखालून घालणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यात एक बिघाड असा आहे की तो कितीही वेळा दुरुस्त केला तरी पुढच्या आठवड्यात नव्या माणसाकडून नव्याने येतोच. स्पेलिंग बरोबर असतं, व्याकरण बरोबर असतं, सॉफ्टवेअरला काही खटकत नाही, आणि तरी वाक्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात होता त्याच्या बरोब्बर उलटा. कारण बहुतेक वेळा एकच, मधला हायफन गेलेला असतो. दरवेळी तेच तेच समजावण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते, सोप्या फुकटच्या तपासण्या आधी आणि डोकेदुखीच्या नंतर.

एक सूचना. इंग्रजी शब्द मी इथे देवनागरीतच, उच्चाराप्रमाणे लिहितेय. री-साइन म्हणजे पुन्हा सही करणं, रिझाइन म्हणजे राजीनामा देणं. दोन्हीची अक्षरं तीच, आर ई एस आय जी एन. फरक फक्त त्या मधल्या आडव्या रेघेचा.

लक्षणं

करार पुढे चालू ठेवतोय, पुन्हा सही करतोय असं कळवलं आणि समोरून उत्तर आलं की अरेरे, का सोडताय? हे सगळ्यात ठळक लक्षण. पण सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नसतं की समोरचा विचारेल, कित्येकदा तो विचारत नाही, स्वतःच अर्थ लावून पुढे निघून जातो.

भाषांतराच्या ॲपमध्ये तुमचं वाक्य टाकलं तर सोफ्याला नवं कापड घालण्याऐवजी सोफा परत मिळवायचा असं काहीतरी येतं (री-कव्हरचं रिकव्हर झालंय).

फोनला मजकूर मोठ्याने वाचायला लावला तर तो भलताच उच्चार करतो.

वाचणारा वाक्याच्या शेवटापर्यंत जातो, थबकतो आणि परत सुरुवातीला येतो. हे लक्षण स्वतःवरही दिसतं, आपलंच कालचं लिखाण आज वाचताना पाय अडखळतो.

लाल रेघ कुठेच नाही. हे लक्षात ठेवा, कारण लोक हमखास म्हणतात की पण स्पेलचेक केलं होतं ना. स्पेलचेक शब्द खरा आहे का एवढंच बघतो. रिझाइन हा अगदी खरा शब्द आहे, मग तो कशाला ओरडेल? हल्ली व्याकरण तपासणारी टूल्स वाक्याचा संदर्भ बघून कधीकधी पकडतात, पण आय विल रिझाइन द ॲग्रीमेंट ऑन मंडे यात व्याकरणाचं काही चुकलेलंच नाही, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका.

आणि शेवटचं, ड्राफ्टमध्ये हायफन होता, तुम्ही तो डोळ्यांनी पाहिलेला, पण पीडीएफमध्ये किंवा वेबसाइटवर नाही. तुमचं दुखणं हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ सहाव्या तपासणीवर जा.

बिघाड होतो कुठे

थोडक्यात सांगते. इंग्रजीत री लागलेले शब्द दोन घराण्यांतले आहेत. एक जुने, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे अख्खेच्या अख्खे आलेले, रिझाइन, रिकव्हर, रिझेंट वगैरे, ज्यांच्यात री वेगळा काढून काही अर्थ लागत नाही. दुसरे नवे, म्हणजे चालू इंग्रजी क्रियापदाला कोणीही आयत्या वेळी री जोडून केलेले, ज्यांचा अर्थ फक्त "पुन्हा" एवढाच. दुसऱ्या घराण्यातला शब्द लिहायला जावा आणि ती जागा पहिल्या घराण्यातल्या शब्दाने आधीच अडवलेली असावी, की टक्कर. हायफन तिथे लागतो. जागा मोकळी असेल तर हायफनची गरज नाही. पुढच्या बहुतेक तपासण्या हेच शोधण्यासाठी आहेत.

१. "अगेन" लावून बघा

दहा सेकंदांचं काम. संशयित शब्दातला री काढून टाका आणि क्रियापदानंतर अगेन ठेवा. साइन अगेन, कव्हर अगेन, सॉर्ट अगेन. तुम्हाला म्हणायचंय तेच निघालं तर तुमचा शब्द दुसऱ्या घराण्यातला आहे, हायफनच्या रांगेत उभा करा. अर्थ निघाला नाही, म्हणजे तापातून बरा झाला तिथे कव्हर्ड अगेन असं काहीतरी विचित्र दिसायला लागलं, तर हायफन अजिबात नको.

ही तपासणी पहिली असण्याचं कारण असं की उलटी चूकही तितकीच होते. एकदा कोणाला हायफनचं महत्त्व पटलं की तो माणूस राजीनाम्याच्या पत्रातही री-साइन लिहून मोकळा होतो, आणि मग वरिष्ठांना कळत नाही की हा चाललाय की अजून एक वर्षं राहतोय.

२. देवनागरीत लिहून बघा

ही युक्ती आपल्यालाच जमते, इंग्रजीवाल्यांना नाही. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं, देवनागरी लपवू शकत नाही. दोन्ही अर्थांचे शब्द कागदावर उच्चाराप्रमाणे लिहा आणि शेजारी ठेवा: रिझाइन आणि री-साइन, रिझर्व्ह आणि री-सर्व्ह, रिझॉर्ट आणि री-सॉर्ट, रिझेंट आणि री-सेंट. एक गंमत दिसतेय का? जुन्या शब्दांत एसचा झ झालाय, नव्या जोडणीत तो स राहिलाय. मूळ क्रियापद साइन, सर्व्ह, सॉर्ट असं स्वतंत्र ऐकू येतंय म्हणून तो तसाच टिकतो. झ आणि स असा फरक निघाला की समजा दोन वेगळे शब्द आहेत, हायफन द्यायचाच.

रेक्रिएशन म्हणजे करमणूक आणि री-क्रिएशन म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा तशीच उभी करणं, इथे पहिलंच अक्षर रे की री यावर कळतं. तसंच रेकलेक्ट म्हणजे आठवणं, री-कलेक्ट म्हणजे पुन्हा गोळा करणं.

पण ही तपासणी सगळीकडे चालत नाही. रिफॉर्म आणि री-फॉर्म, रिमार्क आणि री-मार्क, रिलीज आणि री-लीज, रिट्रीट आणि री-ट्रीट, यांत फरक ऱ्हस्व-दीर्घाचा आणि जोर कुठे देता त्याचा, आणि भरभर बोलताना तो आपल्यातल्या निम्म्या लोकांचा उडतोच. म्हणून देवनागरीत वेगळं दिसलं तर खात्री, सारखं दिसलं तर पुढे चला, निष्कर्ष काढू नका.

३. डिक्शनरीत हायफनशिवायचा शब्द शोधा

आता खरी परीक्षा. हायफन काढून शब्द चांगल्या डिक्शनरीत टाका आणि पहिला अर्थ वाचा. तुमचाच अर्थ असेल तर जोडून लिहा. रीराइट, रीस्टार्ट, रीबिल्ड, रीप्रिंट यांना हायफन देऊ नका, तिथे दुसरा कोणी भाडेकरू बसलेलाच नाही, मग हायफन नुसताच खडा लागतो. इंग्रजीचा ओढा एकूणच हायफन काढण्याकडे आहे. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीची सहावी आवृत्ती आली तेव्हा साधारण १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले होते. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणेल की हायफन आता जुनाट झाला. बऱ्याच शब्दांत झाला हे खरंच, पण इथे तो सजावटीसाठी नाही, अर्थासाठी आहे, तिथे सूट नाही.

या तपासणीत दोन खाचखळगे आहेत आणि लोक दोन्हीत पडतात.

पहिला, रीसेंड. मेल पुन्हा पाठवणे. जोडून लिहिलं तरी कसलाच गोंधळ नाही, कारण त्या स्पेलिंगचा दुसरा शब्दच नाही. म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग त्याच क्रियापदाचा भूतकाळ करतो आणि तयार होतो रिझेंट, ज्याचा अर्थ मनात राग धरणं, एखाद्या गोष्टीचा सल ठेवणं. आय रिझेंट युवर मेल. तुम्हाला म्हणायचं होतं तुमची मेल पुन्हा पाठवली, आणि तुम्ही ग्राहकाला सांगितलंत की तुमच्या मेलचा मला राग आहे. काही डिक्शनऱ्या हे भूतकाळी रूप जोडूनही देतात, म्हणजे डिक्शनरीत बघून लिहिलं असं म्हणायलाही जागा, पण वाचणाऱ्याला त्याचं काय? तेव्हा शब्दाचं मूळ रूप तपासून थांबू नका, वाक्यात जे रूप वापरलंय, भूतकाळ, आयएनजी, नाम, तेच तपासा. टक्कर एका रूपात असते आणि दुसऱ्यात नसते.

दुसरा, रीकाउंट. क्रियापद म्हणून जोडून लिहिलं तर हकिगत सांगणं. पण मतांची फेरमोजणी, म्हणजे नाम, तेही डिक्शनऱ्यांमध्ये सर्रास जोडूनच आहे आणि बातम्यांमध्येही तसंच छापतात. तिथे नियम लावून हायफन घुसवला तर कोणी फाशी देणार नाही, पण गरज नाही. वापर आणि नियम यांचं भांडण झालं तर मी वापराच्या बाजूने जाते, वाचणारा वापरावरच वाढलेला असतो.

दोन चांगल्या डिक्शनऱ्यांमध्ये एकमत नसेल तर एक निवडा, एका फाइलमध्ये नोंद करा आणि त्या मजकुरात शेवटपर्यंत तेच ठेवा. चौथी डिक्शनरी उघडत बसू नका.

४. वाक्यच बदला

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याकडे आलेल्या मजकुरात मी बहुतेक वेळा हेच करते. हायफन योग्य जागी असला तरी घाईत वाचणाऱ्याचा डोळा त्याच्यावरून घसरतो, विशेषतः फोनच्या छोट्या स्क्रीनवर, आणि रिझाइन हा शब्द ऑफिसच्या मेलमध्ये इतका भारी आहे की डोळ्याला तोच आधी दिसतो. त्यापेक्षा साइन अगेन लिहा, कराराबद्दल असेल तर रिन्यू लिहा. री-सेंटच्या जागी सेंट अगेन. सोफ्याला री-कव्हर करण्याऐवजी न्यू कव्हर घाला. एखादा शब्द जास्त खर्च होतो, बाकी काही बिघडत नाही.

मग हायफन कुठे ठेवायचा? जिथे जागा नाही तिथे. बातमीचा मथळा, फॉर्मवरचं लेबल, टेबलचा रकाना, बटणावरचा मजकूर. खेळाडूने क्लबशी करार पुन्हा केला की इंग्रजी मथळ्यांत री-साइन्स असतं ते याचमुळे, तिथे अगेनला जागाही नसते आणि हायफन विसरला तर चाहत्यांमध्ये रडारड होते.

५. उपसर्ग री नसेल तर

बाकीचे उपसर्ग कमी छळतात, पण छळतात तेव्हा नीट छळतात.

को-ऑप म्हणजे सहकारी संस्था, हायफन काढला की कूप, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. को-वर्कर जोडून लिहिलेलं आता बरंच चालतं, डिक्शनऱ्यांतही आहे, पण डोळा आधी काऊ वाचतो आणि मग सावरतो. चूक नाही, आवडीचा प्रश्न. को-ऑपरेट, री-इलेक्ट यांत दोन स्वर शेजारी येतात म्हणून काही लोक हायफन देतात, काही देत नाहीत. तिथे अर्थाचा गोंधळ होत नाही, त्यामुळे वाद घालण्यात वेळ घालवू नका. (द न्यू यॉर्कर हे मासिकवजा साप्ताहिक अजूनही दुसऱ्या ओवर दोन टिंबं देतं. आपण त्या वाटेला जायचं नाही.)

सगळ्यात घातक जोडी माझ्या मते ही: अन-आयनाइझ्ड आणि युनियनाइझ्ड. हायफन नसेल तर दोन्हीचं स्पेलिंग एकच. पहिल्याचा अर्थ आयनांत न विभागलेलं, दुसऱ्याचा अर्थ कामगार संघटना असलेलं. पाण्याच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये अन-आयनाइझ्ड अमोनिया हा शब्द नेहमी येतो, कारण माशांना मुख्यतः तोच विषारी असतो, आणि त्याचं प्रमाण पाण्याचा पीएच आणि तापमान यांवर वर-खाली होतं. हा रिपोर्ट भाषांतराला गेला आणि हायफन नसेल तर अमोनियाची कामगार संघटना होते. हसू येतं, पण तो आकडा माशांच्या जिवाचा असतो.

अजून एक भाऊबंद प्रकार आहे, उपसर्गाचा नाही पण येतो माझ्याकडेच, म्हणून सांगते. ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स. हायफनशिवाय लिहिलं तर हे काय आहे? ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स म्हणजे चोवीस तासांच्या शिफ्ट. ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स म्हणजे चार चार तासांच्या वीस शिफ्ट. ट्वेंटी-फोर अवर... असंही करता येतं, एकेका तासाच्या चोवीस. ड्युटीचा तक्ता यावर ठरणार असेल तर शब्द सोडा आणि आकडे लिहा, एक आकडा अंकात आणि एक अक्षरात.

६. हायफन दिला होता, गेला कुठे?

ही किचकट तपासणी, म्हणून शेवटी. चोर साधारण चार.

एक, ओळीचा शेवट. हायफनवर ओळ तुटते, म्हणजे री- वरच्या ओळीत आणि साइन खालच्या. आता वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही की हा तुमचा हायफन आहे की अरुंद कॉलममध्ये सॉफ्टवेअरने शब्द तोडून घातलेला, कारण साधा रिझाइनसुद्धा ओळीच्या शेवटी नेमका तिथेच तुटतो. यावर उपाय न तुटणारा हायफन. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबा. युनिकोडमध्ये त्याचा नंबर २०११. एक तोटा माहीत असू द्या, दिसायला तो साध्या हायफनसारखाच असला तरी कॉम्प्युटरसाठी वेगळं चिन्ह आहे, त्यामुळे नंतर साध्या हायफनने शोधलं तर बऱ्याच ठिकाणी शब्द सापडत नाही.

दोन, पीडीएफमधून कॉपी करणं. पीडीएफमधला मजकूर चिकटवला की ओळी तुटक येतात, मग कोणीतरी हुशारीने फाइंड-रिप्लेस लावून ओळीच्या शेवटचे सगळे हायफन काढून शब्द जोडतं. बाकी पन्नास शब्द नीट होतात आणि तुमच्या री-साइनचा राजीनामा होतो. असं सरसकट रिप्लेस केल्यावर जुन्या फाइलमध्ये आर, ई, हायफन असं शोधून प्रत्येक ठिकाण नव्या फाइलशी पडताळून बघा. कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग नाही. आणि सगळं रिप्लेस करा हे बटण इथे दाबूच नका, एकेक बघत जा.

तीन, फसवा हायफन. वर्डमध्ये कंट्रोल आणि हायफन दाबलं की (शिफ्टशिवाय) ऐच्छिक हायफन पडतो, तो फक्त ओळ तुटली तरच दिसतो, एरवी गायब. शिफ्ट निसटली की हा होतो. परिच्छेदाची खूण असलेलं बटण दाबून लपलेली चिन्हं दाखवा, लगेच कळेल.

चार, ऑटोकरेक्ट. फोनचा कीबोर्ड हायफनचा शब्द जोडून टाकतो किंवा मध्ये जागा सोडतो. आणि हायफनच्या दोन्ही बाजूला स्पेस दिली तर वर्ड त्याचा लांब डॅश करतं, मग री एकीकडे आणि साइन दुसरीकडे असे अनाथ पडतात. हायफनला दोन्ही बाजूंनी स्पेस नको, कधीच नको.

हे चारही बघून हायफन तरी गळतोच आहे, प्रत्येक मेलमध्ये, प्रत्येक वेळी, तर गडबड मजकुरात नाही, मजकूर ज्या सिस्टिममधून जातो तिच्यात आहे. ती बघणाऱ्या माणसाला एक नमुना पाठवा, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही शेजारी शेजारी. नुसतं हायफन जातोय म्हणून सांगितलंत तर कोणी लक्ष देणार नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

करार, भाडेपट्टा, मृत्युपत्र, बँकेचे कागद. यात रिझाइन, रिलीज, रिकव्हर असा संशयास्पद शब्द दिसला तर स्वतः हायफन घालू नका आणि चौथ्या तपासणीतली वाक्य बदलायची युक्ती तर मुळीच वापरू नका. भाडेपट्ट्यात रिलीज म्हणजे जबाबदारीतून मोकळं करणं आणि री-लीज म्हणजे पुन्हा भाड्याने देणं, दोन्ही त्या कागदात शोभतात, म्हणून वाचून अंदाज बांधता येत नाही. सही झालेली असेल तर अजूनच नाही. ज्या वकिलाने मसुदा केला त्याला ती ओळ दाखवा, अर्थ त्याच्याकडून लेखी घ्या.

औषध, रसायन, तपासणीचे रिपोर्ट, इथे त्या विषयाचा माणूस. अन-आयनाइझ्ड आहे हे मला दिसतं, पण आकड्याशेजारी तेच हवं होतं का हे मला कळत नाही.

पुस्तक किंवा जर्नल छापायला जात असेल तर प्रकाशकाच्या कॉपी एडिटरला विचारा, त्यांची स्वतःची शैली ठरलेली असते आणि तुम्ही मेहनतीने घातलेले हायफन ते काढतील किंवा काढलेले परत घालतील.

संस्थांची नोंदणीकृत नावं, माणसांची जोडनावं, दुसऱ्याचं अवतरण, यांतला हायफन चुकीचा वाटला तरी हात लावू नका. नाव ज्याचं, हायफन त्याचा. फारच खटकलं तर त्यांनाच फोन करून विचारा.